गावच्या पाण्याचा ताळेबंद आणि ग्रामसभा
(माळशिरस तालुक्यातील गावांनी बदलत्या हवामानास तोंड कसे द्यावे)

माळशिरस तालुक्याच्या नकाशावर दृष्टी टाकली असता एकाच तालुक्यात दोन निरनिराळे प्रदेश नांदत असल्याचे दिसून येते. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते व पुढे नीरा नरसिंहपूरजवळ ती भीमेस मिळते. नदीकाठचा आणि नीरा उजव्या कालव्याखालील पट्टा हा उसाचा व बागायतीचा आहे. १९२८ साली भाटघरचे नवे धरण पुरे झाल्यानंतर या कालव्याचे पाणी तालुक्यात खेळू लागले. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली माळीनगरास साखर कारखाना उभारला आणि अकलूजच्या परिसराचे रूप पालटले. पुढे १९६५ साली वीर धरणाची भर पडली. याउलट तालुक्याचा दक्षिण भाग, म्हणजे महादेव डोंगराच्या फाट्यांलगतचा पिलीवकडील मुलूख, कालव्याच्या पाण्यापासून दूर आहे. तेथे बाजरी, मटकी, हुलगा, रब्बी ज्वारी ही पिके आणि शेळ्या-मेंढ्या यांवरच प्रपंच चालतो.

या दोन्ही प्रदेशांवर पडणारा पाऊस मात्र सारखाच तुटपुंजा आहे. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर असून, त्याचा मोठा भाग सप्टेंबरात परतीच्या वाटेवरील मोसमी पावसापासून मिळतो. तो चुकला की रब्बी चुकते, आणि रब्बी चुकली की उन्हाळ्यात माणसांना पाणी व जनावरांना चारा उरत नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ ही वर्षेही टंचाईची गेली. २०१८ साली, आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, राज्य शासनाने जे तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले त्यांत माळशिरस होता. दुसऱ्या वेळी संपूर्ण राज्यातून असे केवळ ४० तालुके निवडण्यात आले होते. कालव्याचा तालुका म्हणून ज्याची ख्याती, त्याचेच नाव या यादीत यावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

हवामानात काय पालट झाला आहे?

पाऊस लहरी असणे हे सोलापूरच्या शेतकऱ्यास नवे नाही. परंतु गेल्या काही दशकांत या लहरीचे स्वरूप बदलत चालले आहे, असे हवामानाच्या अभ्यासातून निष्पन्न झाले आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच सुमारास मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे एकूण पाऊस थोडा कमी, आणि जो पडावयाचा तो थोड्या दिवसांत एकदम, अशी ही स्थिती आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ असा, की दोन पावसांमधील खंड लांबतो व पाऊस आला की बांध फोडून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीने काढणीस आलेली पिके पाण्याखाली गेली. मे २०२५ च्या अखेरीस, ज्या दिवसांत विहिरी तळ गाठतात त्या दिवसांत, माळशिरस व शेजारच्या बारामती-इंदापूर भागांत ओढ्यांना पूर आले. एकाच गावास लागोपाठच्या वर्षांत टँकरही लागावा आणि पंचनामेही व्हावेत, असा हा काळ आहे. सबब केवळ दुष्काळाची किंवा केवळ पुराची तयारी आता पुरी पडणार नाही.

निर्णय गावाने का घ्यावा?

शास्त्रीय ज्ञान उपलब्ध नाही, अशी अडचण या जिल्ह्यात नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनास सोलापूर येथे १९३३ सालीच आरंभ झाला. बंदिस्त वाफे पाडून पाऊस जागच्या जागी मुरविणे, जमिनीच्या खोलीप्रमाणे पीक व वाण निवडणे, पेरणीस उशीर झाल्यास पीक बदलणे, या शिफारशी तेथून निघाल्या. रब्बी ज्वारीची मालदांडी ३५-१ ही प्रसिद्ध जात मोहोळ येथील निवडीतून आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा असे वाण दिले आहेत. आपल्या शेतात यांपैकी काय पेरावे हे एकटा शेतकरी ठरवू शकतो.

परंतु पाण्याची गोष्ट निराळी आहे. जमिनीच्या वरची हद्द बांधाने आखता येते, जमिनीखालचे पाणी मात्र बांध मानीत नाही. एकाने दोनशे फुटांचे विंधन घेतले की शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर आटते. मग शेजारी तीनशे फुटांवर जातो. या चढाओढीत प्रथम हरतो तो अल्पभूधारक, कारण त्याच्यापाशी पुन्हा खोदावयास पैसा नसतो. शेवटी गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीरही कोरडी पडते आणि सर्वांवरच टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. येथे प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणा केला तरी गावाचे नुकसान टळत नाही. सर्वांनी मिळून एक मर्यादा मान्य केली तरच ते टळते.

अशी मर्यादा बाहेरून लादून टिकत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अंमलात आला. साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घालण्याची व पिण्याच्या सार्वजनिक उद्भवास संरक्षण देण्याची तरतूद त्यात आहे. तथापि रात्रीच्या वेळी गावात शिरणारे विंधनयंत्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कोणास दिसत नाही. ते गावालाच दिसते. गावाने तो नियम आपला मानला असेल तरच त्याचा उपयोग आहे.

दोन गावांचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका हाही माळशिरसच्या दक्षिण भागाप्रमाणेच पर्जन्यछायेत मोडतो. १९७२ च्या दुष्काळात तेथील हाल पाहून विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने नायगाव येथे देवस्थानची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन १९७४ पासून पाणलोटाचा प्रयोग केला. यातूनच पाणी पंचायतीची कल्पना उदयास आली. तिचे मुख्य नियम असे होते : पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातील माणसांवर ठरावा. माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके पाणी, व कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते, द्यावे. भूमिहीनासही पाण्याचा हक्क असावा. उसासारखे जास्त पाणी पिणारे पीक घेऊ नये. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलावा. पाणी ही सामाईक संपत्ती आहे आणि तिची वाटणी माणसांकडे पाहून व्हावी, हा विचार या नियमांनी प्रत्यक्षात आणून दाखविला.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे. या गावाचा पाऊस सोलापूरहून अधिक नाही, कित्येक वर्षी तो कमीच असतो. सरपंच पोपटराव पवार यांच्या कारकीर्दीत व १९९० नंतरच्या दशकात आदर्श गाव योजनेखाली तेथे समतल चर, बंधारे, वृक्षलागवड ही कामे झाली. परंतु अशी कामे अन्य पुष्कळ गावांतही झालेली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण कामानंतरच्या शिस्तीत आहे. शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, ऊस व केळी लावावयाची नाहीत, हे ग्रामसभेने ठरविले व पाळले. पर्जन्यमापकावरील नोंद व निरीक्षण विहिरींची पातळी पाहून दरवर्षी गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम माणसांच्या पिण्याचे, मग जनावरांचे पाणी बाजूस काढून उरलेल्यात रब्बीचे किती क्षेत्र भिजेल ते ग्रामसभेत सांगितले जाते. पाऊस अपुरा असेल त्या वर्षी रब्बी व उन्हाळी क्षेत्र त्या मानाने कमी केले जाते.

केंद्र शासनाने २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू केलेल्या अटल भूजल योजनेने हीच पद्धती सात राज्यांत नेली. महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांचा तीत समावेश झाला असून सोलापूर हा त्यांपैकी एक आहे. लोकांनी स्वतः पाणी मोजावे, ताळेबंद मांडावा व त्यावरून जलसुरक्षा आराखडा तयार करावा, हा या योजनेचा गाभा होय.

ताळेबंद कसा मांडावा?

पाण्याचा हिशेब म्हणजे काही अवघड शास्त्र आहे अशी समजूत असल्यास ती काढून टाकावी. घरच्या जमाखर्चाहून तो कठीण नाही. एक गोष्ट ध्यानी ठेवावी, ती ही, की एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडले.

समजुतीसाठी एक काल्पनिक गाव घेऊ. त्याचे क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरे १,००० आणि शेळ्या-मेंढ्या २,००० आहेत असे मानू. कालव्याचे पाणी गावास नाही.

जमेची बाजू : ५०० मिलिमीटर पाऊस झाल्यास गावावर ५० लाख घनमीटर पाणी पडते. त्यातील बराचसा भाग बाष्परूपाने उडतो, काही पिके व गवत घेतात, काही ओढ्याने निघून जातो. दख्खनच्या काळ्या खडकाच्या प्रदेशात पावसाचा साधारण दहावा हिस्सा भूजलात उतरतो असे स्थूलमानाने धरता येते. म्हणजे ५ लाख घनमीटर. पाझर तलाव व नालाबंधारे यांमुळे आणखी १ लाख घनमीटर मुरले असे धरू. एकूण जमा ६ लाख घनमीटर.

पहिला खर्च : माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने गावास वर्षाला सुमारे ४०,००० घनमीटर पाणी लागते. मोठ्या जनावरास रोज ६० लिटर व शेळी-मेंढीस ८ लिटर धरल्यास जनावरांस सुमारे २८,००० घनमीटर लागते. हे झाले ६८,००० घनमीटर. जमिनीखालून वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी व पावसाने ओढ दिल्यास गंगाजळी म्हणून आणखी ३२,००० घनमीटर राखून ठेवू. याप्रमाणे १ लाख घनमीटर पाण्यास कोणत्याही पिकाने हात लावावयाचा नाही.

शिल्लक : ५ लाख घनमीटर. आता याचे काय करावयाचे, हा गावाचा निर्णय आहे. विहिरीवरील उसास, पावसाचा वाटा वजा जाता, हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी लागते असे धरल्यास या शिलकीत ३३ हेक्टर ऊस होतो. रब्बी ज्वारीस प्रत्येकी ७०० घनमीटरच्या दोन संरक्षित पाळ्या दिल्यास तेच पाणी सुमारे ३५७ हेक्टरांस पुरते. पहिल्या पर्यायात मोजक्या घरांस मोठी रक्कम मिळेल. दुसऱ्यात बहुतेक घरांस धान्य व कडबा मिळेल.

आता पाऊस ३०० मिलिमीटरच झाला असे समजा. भूजलात ३ लाख व बंधाऱ्यांतून फार तर ४०,००० घनमीटर उतरेल. त्यातून राखीव १ लाख वजा केल्यास २ लाख ४० हजार घनमीटर उरते. यात ऊस १६ हेक्टर, किंवा ज्वारी १७१ हेक्टर. पण उसाची अडचण अशी, की तो आधीच उभा असतो. पाऊस कमी पडला म्हणून ३३ हेक्टरांतील निम्मा ऊस उपटून टाकण्यास कोणी धजत नाही. म्हणून राखीव पाण्यास हात लागतो आणि मार्चपासून टँकर सुरू होतो. ज्वारी-हरभऱ्याचे तसे नाही. सप्टेंबरअखेर पाऊस पाहून पेरा कमी-अधिक करता येतो. हवामान बेभरवशाचे झाले असता, ज्या पिकाचा निर्णय पाऊस पाहून घेता येतो ते पीक गावास अधिक सुरक्षित ठरते, हे या हिशेबावरून ध्यानी येईल.

वरील आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गावाने आपले क्षेत्र, आपली जनावरे व आपल्या विहिरींच्या नोंदी घेऊन स्वतःचा हिशेब मांडावा. पर्जन्याची नोंद महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्रावरून मिळते, तथापि गावात एक साधा पर्जन्यमापक असणे केव्हाही हितावह होय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत, निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. गावानेही आपल्या शिवारातील चढावर, मध्यावर व उतारावर अशा पाच-सहा विहिरी निवडून त्याच महिन्यांत मोजाव्यात. त्यासाठी खुणा केलेली दोरी व एक वही पुरे.

सभेत कोण बसते, कोण बोलते?

ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे गावाचा निर्णय झाला, असे कागदोपत्री मानले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा नोंदवहीवर सह्या पुऱ्या होतात आणि बोलणारे चार-सहाच असतात. पाण्याच्या प्रश्नात हा दोष फार महाग पडतो. कारण जो बोलतो त्याच्याकडे बहुधा विहीर व पंप असतो, आणि ज्याचे पाणी जाते तो गप्प असतो.

गावात पाण्याची खरी वार्ता निरनिराळ्या माणसांकडे विखुरलेली असते. कोणत्या महिन्यात कोणत्या आडाचे पाणी खाली जाते, हे घरात पाणी भरणाऱ्या स्त्रियांस सर्वांत आधी कळते. डोंगराच्या अंगास कोणता पाणवठा कधी आटतो, हे मेंढपाळ धनगरास ठाऊक असते. ओढ्याचे पाणी कोठून गावात शिरते, हे ओढ्याकाठच्या वस्तीवरील मजुरांस विचारावे. विहीर नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास एका संरक्षित पाळीचे मोल इतर कोणाहून अधिक समजते. या माणसांस सभेत बोलविण्याचा हेतू केवळ उपकाराचा नाही. त्यांच्यावाचून हिशेबच चुकतो.

यास्तव पुढील गोष्टी अगत्याने कराव्यात. राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून, ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावयाची असते. ताळेबंद प्रथम त्या महिला सभेत वाचावा व तेथे निघालेल्या सूचना ग्रामसभेच्या कार्यवृत्तात जशाच्या तशा नोंदवाव्यात. वाड्या-वस्त्यांवर आधी छोट्या बैठका घ्याव्यात. मेंढपाळ चारणीसाठी बाहेर असतील किंवा मजूर ऊसतोडीस गेले असतील त्या दिवसांत महत्त्वाचा ठराव घेऊ नये. आकडे कागदावर न ठेवता चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. ज्यास वाचता येत नाही त्याच्यासाठी पाण्याचे माप घागरींच्या चित्रांनी दाखवावे.

मतभेद होतीलच. ज्याचा ऊस उभा आहे तो म्हणेल, माझे कर्ज कोण फेडणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यास केवळ उपदेशाचे उत्तर देऊन चालणार नाही. अशा वेळी उभ्या पिकास मुदत द्यावी, नवी लागण मर्यादित करावी, आहे त्या उसास ठिबक बसविण्यास प्राधान्याने अनुदान मिळवून द्यावे, आणि दोन-तीन हंगामांत क्षेत्र उतरवीत आणावे, असा मध्यम मार्ग निघू शकतो. मात्र ठिबकने वाचलेले पाणी पुन्हा नव्या उसास जाणार असेल, तर गावाचा काहीच लाभ नाही, हेही त्याच ठरावात नमूद करावे.

शेततळ्यांविषयीही असाच स्पष्ट निर्णय हवा. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेततळ्यात साठविणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु विहिरीचे पाणी उपसून अस्तराच्या तळ्यात भरून ठेवणे म्हणजे सर्वांच्या पेढीतील रक्कम काढून आपल्या पेटीत ठेवण्यासारखे आहे. शिवाय सोलापूरच्या उन्हात उघड्या पाण्याची वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक वाफ होते. भूजलाने शेततळे भरू नये असा ठराव गावाने अवश्य करावा.

कालव्याखालील गावांचे काय?

कालव्याचे पाणी येते त्या गावांस हा सर्व खटाटोप अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु नीरेच्या पाण्याची स्थिती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. डाव्या व उजव्या कालव्यांमधील वाटपासंबंधीचा शासनाचा निर्णय २०१९ साली व पुन्हा २०२० साली बदलला गेला. त्या वाटपाचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे. इतकेच ध्यानी घ्यावे, की धरण भरले तरी आपल्या वाट्यास किती पाणी येईल हे गावाच्या हाती नाही. आलेले पाणी कसे वाटावयाचे हे मात्र गावाच्या हाती आहे.

यासाठी २००५ सालच्या, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाचा आधार घेता येतो. त्याखाली स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थेस पाणी मोजून, घनमापन पद्धतीने दिले जाते, व सभासदांमधील वाटप संस्थेने करावयाचे असते. संस्थेच्या संचालक मंडळात चारीच्या शिरावरील, मध्यावरील व शेपटाकडील शेतकऱ्यांचे प्रतिनिधी घेतले जातात. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरील शेतकऱ्यांनी अशा संस्था चालवून, पूर्वी पाणी न पोहोचणाऱ्या शेपटाच्या शेतांपर्यंत ते पोहोचविले, हे सर्वश्रुत आहे.

कालव्याखालील गावांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. त्यांच्या विहिरींतील पुष्कळसे पाणी हे कालव्याच्या पाझराचेच असते. ज्या वर्षी आवर्तने कमी मिळतात त्या वर्षी विहिरीही लवकर आटतात, म्हणजे जमेच्या दोन्ही बाजू एकदम घटतात. सबब या गावांनी ताळेबंदात कालवा व विहीर ही दोन खाती न मानता एकच मानावे. तसेच अतिपाण्याने नदीकाठच्या भारी जमिनी चोपण व क्षारयुक्त होत आहेत किंवा काय, याची नोंद त्याच वहीत ठेवावी.

अतिवृष्टीची तयारी

ताळेबंदाच्या वेळीच गावाने शिवारफेरी काढून ओढ्यांची पाहणी करावी. ओढ्याच्या पात्रात झालेली अतिक्रमणे, बुजलेल्या मोऱ्या, फुटण्याच्या बेतात असलेले बंधारे व सांडवे यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी. नीरा व भीमेच्या काठच्या गावांनी वीर किंवा उजनी धरणातून पाणी सोडल्याची सूचना कोणास येते, ती वस्तीपर्यंत कोण पोहोचवील, जनावरे कोणत्या उंच जागी न्यावयाची, नदीवरील पंप कोणी कोणाचे काढावयाचे, हे आधीच नावानिशी ठरवून ठेवावे. आषाढी वारीच्या दिवसांत नातेपुते, माळशिरस, वेळापूर व अकलूज येथे पालख्यांचे मुक्काम असतात. लाखो माणसांच्या पाण्याची व निवाऱ्याची व्यवस्था ही गावे दरवर्षी पार पाडतात. कामाची वाटणी करून मोठे कार्य तडीस नेण्याची सवय या तालुक्यास आहे, तिचाच येथे उपयोग करावयाचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपंचायत अधिकारी, कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी आणि जलसुरक्षकाचे काम करणारे तरुण यांनी पुढील वेळापत्रक डोळ्यांपुढे ठेवावे.

१. मे : विहिरींची पातळी मोजणे, ओढे व बंधाऱ्यांची शिवारफेरी, पेरणीस उशीर झाल्यास घ्यावयाच्या बाजरी-तूर, मटकी, हुलगा, सूर्यफूल यांच्या बियाण्याची तजवीज.

२. जून ते सप्टेंबर : रोजच्या पावसाची नोंद. दर आठवड्यास ती चावडीवर लिहिणे. खंड पडल्यास कोळपणी व आच्छादन यांची प्रात्यक्षिके.

३. सप्टेंबरचा अखेरचा आठवडा : तात्पुरता ताळेबंद मांडून महिला सभेत व वस्ती-बैठकांत वाचणे.

४. २ ऑक्टोबरची ग्रामसभा : रब्बीचे क्षेत्र, राखीव पाणी व उपशाचे नियम यांचा ठराव. रब्बी ज्वारीची पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत आटोपावयाची असल्याने हा ठराव पुढे ढकलू नये.

५. ऑक्टोबरअखेर व जानेवारी : पुन्हा पातळी मोजणे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठरल्याप्रमाणे उपसा झाला की नाही याचा जाहीर हिशेब देणे.

६. मार्च ते १ मे : पिण्याच्या पाण्याचा साठा तपासणे आणि पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात कोणती कामे घ्यावयाची ते १ मेच्या ग्रामसभेत ठरविणे.

कार्यकर्त्याने सभेत स्वतःचा निर्णय सांगू नये. त्याने आकडे बिनचूक ठेवावेत, जो बोलत नाही त्यास बोलते करावे आणि ठराव झाल्यावर तो मोडला गेल्यास ती गोष्ट पुढील सभेपुढे निर्भयपणे ठेवावी. पहिल्या वर्षी ताळेबंद अपुरा राहील, काहींची हरकतही येईल. म्हणून वही बंद करू नये. दुसऱ्या वर्षी मागील वर्षाचे आकडे तुलनेस मिळतात आणि तिसऱ्या वर्षापासून लोक आपण होऊन विहिरीची पातळी विचारू लागतात. ज्या गावांनी या खरिपापूर्वी अद्याप विहिरी निवडल्या नसतील, त्यांनी येत्या मे महिन्यात पाच विहिरी, एक दोरी व एक वही एवढ्यावरच आरंभ करावा. अधिक माहितीसाठी तालुका कृषी अधिकारी, माळशिरस, अथवा पंचायत समितीच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.